लालीची अंडी

मला साक्ष नव्हती. एखाद्या घरात मुलीला स्थळ नसतं, एखाद्या घरात पोराला नोकरी नसते; आमच्या घरात सोळा वर्षांच्या मुलीला साक्ष नव्हती आणि तेवढ्यावर सगळं अडून बसलं होतं. आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती लोकांत, तान्हेपणी बाप्तिस्मा झाला तरी माणूस पुरता धरला जात नसे. वयात आलं की पाळकसाहेबांच्या शिकवणीला बसायचं आणि शेवटी एका रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं, मी कुठल्या पापात पडले होते आणि प्रभूनं मला त्यातनं कसं काढलं. याला साक्ष म्हणत. ती मंडळीला पटली की प्रभुभोजनाला, त्या भाकरीच्या तुकड्याला आणि द्राक्षरसाच्या घोटाला हात लावता येई, आणि पाळकसाहेब ‘पूर्ण सभासद’ अशी चिठ्ठी लिहून देत. मला ती चिठ्ठी हवी होती. कशाला, ते पुढं सांगते.

येडशीला स्टेशनाच्या अलीकडं, घायपाताच्या कुंपणात आमचं घर होतं. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा लांबट हॉल. त्यात वडील घरी असले की शाळा भरे, आणि दर रविवारी उपासना. दारातल्या लिंबाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. आबा, म्हणजे माझे वडील, पहाटे पाचला तो लोखंडी बोल्टनं बडवत. त्यांना सगळे याकोब मास्तर म्हणत. ते मिशनचे सुवार्तिक होते. महिन्यातले वीस दिवस खेडोपाडी फिरून लोकांना सुवार्ता सांगत आणि उरलेले दहा दिवस आम्हांला. बायबलातलं वचन पाठ म्हटल्याशिवाय पुढ्यात भाकरी येत नसे, आणि एक शब्द चुकला तर पहिल्यापासून. श्रावणात रामलिंगाच्या जत्रेला सगळं गाव आमच्या कुंपणावरून जायचं, पोरी नवे परकर घालून खिदळत जायच्या, आणि आम्ही खिडक्या लावून आत गीतं म्हणत बसायचो. पंचमीचा झोका नाही, रंग नाही, सिनेमाचं तर नावच नको. कुंपणाबाहेर गेलं तरी सुटका नव्हती. विहिरीवर गावातल्या बाया माझी घागर लांब ठेवायला लावत, आणि वस्तीत गेलं तर आमच्याच भाऊबंदांच्या बाया म्हणत, “तुमी आता सायबाची माणसं, तुमाला काय कमी हाय?” मी मास्तरची पोर होते, शिंकले तरी चार गावांत कळायचं. अशा पोरीनं पाप करावं तरी कुठं आणि कधी? आज हसू येतं, पण तेव्हा मी या विचारानं चडफडायची.

आईचं नाव सगुणा. बाप्तिस्म्यात तिला सारा हे नाव मिळालं होतं, पण ते मंडळीच्या वहीतच राहिलं. आबा घरी असले की ती जात्यावर भजनं म्हणे, आणि ते फेरीला गेले की हळूच जुन्या ओव्यांवर येई. मला दोन्ही आवडायचं. जात्याची घरघर, तव्यावर भाकरी उलटतानाचा तिच्या हातातल्या काचेच्या दोन बांगड्यांचा आवाज, येसराची आमटी चुलीवर रटरटायला लागली की घरभर सुटणारा वास, हे माझं लहानपण. दिवसातनं एकदा बार्शीकडं जाणारी छोटी गाडी शिटी द्यायची. ती शिटी ऐकली की आई मान वर न करता म्हणायची, “गेली बघ.” मला वाटायचं, आपल्याशिवायच गेली.

धाकटा शमू झाला तेव्हा आईचं काही खरं नव्हतं. तिला छकड्यात आणि मग गाडीत घालून लांबच्या मिशन दवाखान्यात नेलं. तिच्यापाशी राहायला मी गेले आणि बारा दिवस राहिले. ते बारा दिवस मी अजून विसरलेले नाही. पांढऱ्या साड्यांतल्या नर्सबाया पायांचा आवाज न करता चालायच्या, त्यांना कुणी जात विचारत नव्हतं की वचन विचारत नव्हतं; ‘बाई, इकडं या’ म्हणून लोक हाका मारायचे. मी भांडी घासली, रक्ताची फडकी धुतली, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीचं घाण झालेलं अंथरूण काढलं. थोरल्या नर्सबाई म्हणाल्या, “हिला किळस नाही. सोळाची झाली की पाठवा शिकायला. पाळकांची चिठ्ठी मात्र लागेल, पूर्ण सभासद असल्याची.” निघताना डॉक्टरीणबाईंनी आबांना बजावलं, की बाळंतिणीच्या अंगात रक्त नाही, दूध येत नाही, तिला रोज अंडं द्या. आबा म्हणाले, “प्रभू पुरवील.” आता खरी गंमत अशी, की आमच्या घरात दर रविवारी अंडी येत. ज्यांच्याकडं दुसरं काही नसे त्या बाया उपासनेला दान म्हणून ओंजळभर ज्वारी आणत, अंडी आणत. मागनं त्यांचा लिलाव व्हायचा. पण ते देवाचं. आणि मास्तरच्या घरानं लिलावात बोली लावायची नाही, लोक बोट दाखवतील, असा आबांचा नियम होता. त्यामुळं टोपली आमच्याच कोनाड्यात असायची आणि आईच्या पानात मात्र आमटी-भाकरी. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला अंड्याचा वासच सोसत नसे. कुणी शेजारी उकडलेलं अंडं सोललं तरी मला मळमळायचं.

कुंपणापलीकडं चांदबी खाला राहायची. एकटी बाई. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत तिचा मुलगा घरातनं गेला तो परत आला नाही, त्यावर ती कधी बोलत नसे. तिच्याजवळ एक तांबडी कोंबडी होती, लाली. खाला दिवसभर तिच्याशी बोलायची. “लाली, किधर गई गं? लाली, ऊन लागंल, आत ये.” लाली घायपाताच्या खालनं आमच्याकडं यायची, जळणाच्या ढिगाभोवती हिंडायची आणि परत जायची. शमू पाच-सहा महिन्यांचा असताना खाला सांगायला लागली, की लाली आता अंडी देत नाही, वय झालं. महिना वाट बघितली, दोन महिने बघितली, आणि मग एका दुपारी तिनं लालीला कापलं. एकट्या बाईला नुसती कोंबडी पाळणं झेपत नव्हतं. तिनं एक वाटी आमच्याकडंही पाठवली. आबांनी जेवणाआधीची उपकारस्तुती केली, मी दोन फोडी खाल्ल्या, आणि आई म्हणाली, “माजं पोट बरं न्हाय.” एवढंच झालं. मी ते विसरूनही गेले होते.

तर साक्ष. शिकवणीला आम्ही दोघंच होतो, मी आणि रेल्वेत गँगमन असलेले शांतवनदादा. दादांचं काम सोपं होतं. त्यांनी पाच वर्षं दारू प्यायली होती, बायकोला मारलं होतं, एकदा रुळावर झोपले होते. अशी भरभक्कम साक्ष खिशात असलेल्या माणसाचा मला हेवा वाटायचा. पाळकसाहेब दोन महिन्यांतनं एकदा येत. उंच, इस्त्रीच्या झग्यातले, आवाज असा की पत्रा थरथरावा. त्यांनी मला विचारलं, “आपण पापी आहोत हे तुला केव्हा कळलं, बाळ?” मी म्हटलं, “आबांनी सांगितलं तेव्हा.” शांतवनदादा हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. “ही साक्ष नव्हे. पुढच्या खेपेला बघू.” आबांची मान खाली गेली. सुवार्तिकाच्या मुलीला साक्ष नाही म्हणजे गुरवाच्या घरात घंटा नाही, असं त्यांना झालं. मला त्या मानेचं वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर चिठ्ठीचं जास्त वाटलं. दवाखान्यातल्या नर्सांच्या शिकवणीची भरती जवळ आली होती.

मग मी पाप शोधायला लागले. ते रडण्याजोगं मोठं हवं होतं आणि आबांची नोकरी न जाण्याइतकं लहान. कुणी ‘असं झालंच नाही’ म्हणायला उठू नये आणि कुणाला त्याचा त्रासही होऊ नये. आठ दिवस मी भांडी घासताना, शेणकूट लावताना तेच घोळवत होते, आणि नवव्या दिवशी मला लाली आठवली. लाली मेली होती. तिनं अंडी का थांबवली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. हे बिनमालकाचं पाप रस्त्यात पडलेलं आहे, ते उचललं तर कुणाचं काय जातंय, असं मला वाटलं.

पाळकसाहेब पुन्हा आले त्या रविवारी मी उभी राहिले आणि सांगितलं, की मी खालाच्या लालीची अंडी चोरत होते. रोज एक. कच्चंच फोडून प्यायचे आणि टरफलं चुलीत घालायचे. खाला बिचारी समजली की कोंबडी म्हातारी झाली, आणि तिनं तिला कापलं. “आणि त्या रस्स्याची वाटी आमच्या घरी आली,” मी म्हटलं, “तेव्हा मी तीही खाल्ली.” इथं रडायचं असं मी ठरवलं होतं, पण ठरवायची गरज पडली नाही, कारण त्या दोन फोडी मी खरंच खाल्ल्या होत्या. हॉलमध्ये बाया हुंदके द्यायला लागल्या. शांतवनदादांनी डोळे पुसले. आई मधेच उठून शमूला घेऊन बाहेर गेली. मला वाटलं, त्याला लागली असेल. पाळकसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रभुभोजनाचा तुकडा माझ्या हातावर आला. अयोग्य रीतीनं तो खाणारा स्वतःचा दंड खातो, हे मला पाठ होतं. तरी मी तो खाल्ला. पुढं आठ दिवस मी सकाळी उठून कपाळ चाचपायची, ताप आला का बघायला.

उपासना सुटल्यावर मी चिठ्ठी मागितली. पाळकसाहेब माझ्याकडं फार मायेनं बघत म्हणाले, “दवाखान्याला हात पुष्कळ मिळतील, बाळ. सुवार्तेला जीभ मिळत नाही. प्रभूनं ती तुला दिली आहे.” मग ते आबांकडं वळले. मी वर्षभर आबांबरोबर फेरीला जावं, गावोगाव साक्ष सांगावी, मग बायबलबाई, म्हणजे घरोघर बायांना वचन सांगणारी बाई, व्हायच्या शाळेत जावं. भूमला एक तरुण सुवार्तिक होता, चांगल्या घरचा. त्याच्यासाठीही शब्द टाकता येईल. आबांचे डोळे भरून आले. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. जे दार उघडायला मी खोटं बोलले होते, त्याच दारावर त्यांनी आनंदानं खिळे ठोकले, आणि मी शेजारी उभी राहून ‘आमेन’ म्हटलं.

आबा अर्धवट काही करणारे नव्हते. बायबलातल्या जक्कयानं लोकांचं लुबाडलेलं चौपट परत केलं, म्हणून त्यांनी वस्तीतनं चार तलंगी कोंबड्या आणल्या, टोपलीखाली झाकल्या आणि मला घेऊन खालाच्या दारात गेले. “जा, माफी माग,” म्हणाले आणि स्वतः फाटकाशी थांबले. खाला ज्वारी पाखडत होती. मी घडाघडा सगळं बोलले. तिनं सूप खाली ठेवलं.

“तू?” ती म्हणाली. “बेटी, तुला तर अंड्याच्या वासानं मळमळतंय.”

मी मागं वळून बघितलं. फाटकाशी आबा उभे होते.

“म्हंजी लाली देत व्हती,” खाला स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. “रोज देत व्हती. अन् म्या म्हटलं, बुढी हो गई. म्या तिला शिव्या दिल्या गं. कापताना बी शिव्या दिल्या.”

तिनं पदर तोंडाला लावला. आबांनी कोंबड्यांची टोपली उंबऱ्यावर ठेवली. ती नको नको म्हणत होती, तरी ठेवलीच. परत येताना मी आबांच्या मागं मागं चालत होते. लाली खरंच म्हातारी झाली असेल, खालाचं काहीच चुकलं नसेल, आणि मी एका चिठ्ठीपायी तिच्या गळ्यात खोटी हत्या अडकवली होती. ती परत काढायची तर आबांना गावासमोर खाली बघायला लावायचं. मी काढली नाही.

मग फेऱ्या सुरू झाल्या. कधी एसटीनं, कधी छकड्यानं. पारावर, शाळेच्या ओट्यावर, वस्तीतल्या कुणाच्या अंगणात. आबा टाळ वाजवत, शांतवनदादा सुट्टी काढून ढोलकीवर बसत, आणि शेवटी मी उभी राहायची. दहा-बारा वेळा मी लालीची अंडी चोरली असतील. दर खेपेला साक्ष सफाईदार होत गेली. आबा परतताना समजावत, “वाटीचं सांगण्याआधी थोडी थांबत जा, रिबके. लोकांना ऐकू दे.” शांतवनदादा म्हणायचे, “पोरी, माजी पाच वर्साची दारू तुज्या अंड्याम्होरं फिकी पडली बघ.” सगळे हसायचे, मीही. भूमच्या लोकांनी तर मला बघूनच घेतलं, साक्षीसकट. घरी आई माझ्याशी बोलेनाशी झाली होती. वेणी घालताना केस ओढून धरायची, पान पुढ्यात आदळायची. लेक चोर निघाली म्हणून तिला लाज वाटते, असं मी धरून चालले होते. दुपारी गाडीची शिटी झाली तरी ती आता ‘गेली बघ’ म्हणत नव्हती.

तेरला मोठी सभा ठरली होती. पाळकसाहेब येणार होते, भूमचे लोक येणार होते, आणि माझं नाव बायबलबाईंच्या शाळेसाठी जाहीर व्हायचं होतं. आदल्या दिवशी दुपारी आबा हॉलमध्ये शाळा घेत होते आणि आम्ही मायलेकी हुलग्याची शेंगोळी वळत बसलो होतो. तळहातावर पीठ वळता वळता मला एकाएकी सहन होईना.

“आई, मी अंडी घेतलीच नाहीत गं. मी खोटं बोलले.”

आई वळत राहिली. “मला ठावं हाय.”

“कसं ठावं?”

“म्या घेतली म्हून.”

मला आधी कळलंच नाही. हॉलमध्ये पोरं पाढे म्हणत होती, तो आवाज येत राहिला. आईनं हातातलं शेंगोळं परातीत ठेवलं आणि पिठाचे हात तसेच मांडीवर घेतले.

“लाली आपल्या जळणात अंडी घालायची. पयल्या दिशी म्या म्हटलं, खालाला नेऊन द्यावं. शमू रडायला लागला, छातीला लागलं की नुसतं चोखायचा अन् रडायचा. म्या ते फोडलं अन् प्याले. मग रोज. माज्या मनाला म्हणायची, आपल्या जळणात हाय, म्हंजी सापडलेलं हाय.” तिनं हाताचं पीठ चोळून काढलं. “तुज्या आबास्नी सांगितलं आस्तं तर त्येनी मला मंडळीम्होरं उभं केलं आस्तं. नोकरी गेली आस्ती. म्या गप बसले. अन् तू उठून सगळ्या जगाला सांगितलंस. मला वाटलं, पोरीला कळलंय, माजीच लाज काढायली.”

“मला काहीच ठाऊक नव्हतं. मला चिठ्ठी पाहिजे होती.”

“दवाखान्याची?”

“हो.”

आईनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाली, “कर बिगी बिगी, पाणी उकळायलंय.” आणि शेंगोळी आधणात सोडायला उठली. मी त्या दिवशी इतकी घाबरले होते, की रागवायचं की रडायचं हेही सुचेना. आमच्या दोघींना एकाच खोट्यानं धरलं होतं, आणि तेरला मला ते पुन्हा सांगायचं होतं.

सकाळी आई म्हणाली, मी बी येते. आबांना आनंद झाला. तेरणेच्या काठाला मांडव घातला होता, प्रीतिभोजनाचा भात शिजत होता, चार गावांची मंडळी जमली होती. माझी पाळी आली. मी उभी राहिले आणि सवयीनं सुरू केलं, “आमच्या शेजारी चांदबी खाला म्हणून...”

“थांब, रिबके.”

बायांच्या घोळक्यात आई उभी राहिली होती, शमू कडेवर. तिला चार लोकांत बोलायची सवय नव्हती. पदर दाताखाली धरला होता, तो तिनं सोडला.

“पाळकसायेब, ही पोर खोटं बोलायली. तिला अंड्याच्या वासानं उलटी व्हती, ती काय चोरंल? ती अंडी म्या खाल्ली. ह्या लेकरासाटी खाल्ली, पर इचारलं न्हाय. इचारायला तोंड व्हतं, म्या इचारलं न्हाय. कोंबडी कापली तवाबी बोलले न्हाय.” एवढं बोलून ती उभीच राहिली, कुठं बसायचं ते सुचत नसल्यासारखी.

पाळकसाहेबांनी मला विचारलं, “हे खरं आहे?” मी म्हटलं, “खरं आहे.” “मग तू खोटं का बोललीस?” “चिठ्ठीसाठी.” त्यांच्या पुढ्यात एवढं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच दिलं. भूमचे लोक भात शिजायच्या आधीच उठून गेले. ईस्टरपर्यंत आम्हां दोघींना प्रभुभोजनाला बंदी झाली, आणि चिठ्ठीचं तर नाव काढायचं कारण नव्हतं. आबा सगळा वेळ हातात टाळ धरून बसले होते.

छकड्यातनं परतताना ते बैलांकडं बघत होते. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतील, निदान आईला दोन शब्द लावतील. येडशीचा डोंगर दिसायला लागला तेव्हा ते पहिल्यांदा बोलले. “तुला अंडं चालत नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.” त्यांचा आवाज रागाचा नव्हता. महिन्यातले वीस दिवस बाहेर असणारा बाप होता तो. पुढं आईकडं न बघता म्हणाले, “आणि डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं होतं. मला.” आईनं शमूला त्यांच्या मांडीवर दिलं.

दुसऱ्या दिवशी आई एकटी खालाकडं गेली. मी कुंपणाच्या फटीतनं बघत होते. आई काय बोलली ते ऐकू आलं नाही, खालाचं ऐकू आलं. “लालीनं दिलं, तू खाल्लंस, तुजं पोरगं जगलं. ते मला चालतंय, सगुणा. पर तू मला तिला कापू दिलंस.” आई तशीच मागं फिरली. खाला त्यानंतर आईशी बोलेनाशी झाली. त्या चार तलंग्या मोठ्या झाल्या आणि त्यांतली एक आमच्या जळणात अंडी घालायला लागली. आई रोज ते अंडं उचलून खालाच्या उंबऱ्यावर ठेवून यायची. खाला ते उचलून आत न्यायची. रविवारी आई उपासनेला हॉलच्या दारापाशी बाहेर बसायची, भाकरीचं ताट फिरायला लागलं की खाली बघायची. गावातल्या बाया विहिरीवर आता नवं काही बोलत. मी घरातलं काम करायची आणि शिटी ऐकायची. आता माझ्यासाठी कुठलंही दार उरलं नव्हतं, खोटं नाही आणि खरंही नाही.

एका सकाळी आबांनी रुळाचा तुकडा बडवला, प्रार्थना केली, आणि माझ्या हातात एक कागद दिला. पाकीट नव्हतंच, मी वाचावं असंच त्यांच्या मनात असावं. तो कागद माझ्यापाशी अजून आहे. आयुष्यभर वॉर्डांत राबले, कितीतरी सर्टिफिकिटं आली नि गेली, पण हा जपून ठेवला. थोरल्या नर्सबाईंना लिहिलेल्या चार ओळी: ‘माझी मुलगी रिबका हिने मंडळीपुढे खोटी साक्ष दिली, म्हणून तिला पाळकांची चिठ्ठी मिळालेली नाही. ती खोटे बोलली याचे कारण मी आहे. तिला आजाऱ्याची किळस नाही हे आपणच म्हणाला होता. ठेवून घेता आल्यास पाहावे.’ अशा चिठ्ठीवर कुणी ठेवून घेईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. त्यांनी महिनाभर बघू म्हणून ठेवलं आणि मी तिथंच राहिले.

स्टेशनावर आई आणि शमू आले होते. आबा आले नाहीत, त्यांची शाळा होती. पण गाडी हलायच्या आधी लांबून रुळाचा तुकडा वाजला, भलत्याच वेळेला. आईनं खिडकीतनं फडक्याची शिदोरी आत सारली. गाठ सैल होती. भाकरी, शेंगांची चटणी, आणि एक उकडलेलं अंडं. मी तिच्याकडं बघितलं.

“खालाला इचारून घेतलंय,” आई म्हणाली. “खा.”

गाडी सुटली. ती तिथंच उभी होती, पाठीमागं आमचं कुंपण होतं, आणि तिला परत तिकडंच जायचं होतं. पांगरी यायच्या आत मी ते अंडं सोललं. वास आला, मळमळलंही. तरी मी ते सगळं खाल्लं.